सयामचा डबा

घोरावाडी स्टेशनावर लोणावळ्याच्या गाडीची वाट पाहताना एक म्हातारबाबा हमखास दिसायचे. बाकावर पंचा पसरून ते तांदळाला ऊन द्यायचे आणि बोटाने दाणे सारत कीड शोधायचे. शेजारी एक लाकडी डबा असायचा, झाकणावर मासा कोरलेला. मी शाळामास्तर, मला चौकशीची खोडच. एकदा विचारलं.

"सयामचा हाय," ते म्हणाले, म्हणजे आताच्या थायलंडचा. "बोटीवर कोळसा टाकायचो तवा. ताप चढला म्हून मला तितल्या एका बेटावर उतरवलं. लय निवांत बेट. लाटंबिगर कायबी वाजत न्हाई. एका म्हातारीनं पेज पाजून जगवलं. निघताना वाटंला भात दिला, ह्याच डब्यात."

तो डबा त्यांना परत न्यायचा होता. आमच्या मावळात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून ते दर वर्षी त्यात नवा आंबेमोहर भरायचे.

"औंदाची सुगी झाली की निघतो," हे मी बऱ्याच सुग्या ऐकलं.

शेवटी न राहवून म्हणालो, "आबा, ती म्हातारी आता असेल का?"

त्यांनी तांदूळ डब्यात भरला, झाकण दाबून बसवलं.

"नसंल बी. पर मास्तर, डबा तिचाच हाय न्हवं?"