बदनापूरला मी जे बोलून बसलो

मौलवी करीमसाहेब, बदनापूरच्या शाळेतले पेन्शनीत निघालेले मास्तर. त्यांचे नाव आधी लिहितो, कारण ते नसते तर मी जालन्याला पोचलोच नसतो. आणि पुढचे वाचून तुम्ही माझे गाववाले हर्णैकर माझ्यावर इतके रागवाल की त्यांचे उपकार सांगायचे राहून जाईल.

आगबोटीवरची नोकरी सुटली, तेव्हा कळले की जालन्याला कापसाच्या जिनात (सरकी काढायच्या कारखान्यात) बॉयलरवर माणूस हवा आहे. मनमाडला निजामाची गाडी धरली. हद्दीवर करोडगिरीवाले (जकातीचे शिपाई) डब्यात शिरले. माझ्या पेटीत मार्सेल्सहून आणलेल्या साबणाच्या वड्या. जिनाचा कागद उर्दूत, आणि मी चौथीत शाळा सोडलेला. समोर बसलेल्या म्हाताऱ्याने कागद मागून घेतला, मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "कामावर चालला बिचारा. साबण अंगाला लावतो, विकत न्हाई." शिपाई हसून उतरले.

तेच मौलवीसाहेब. माझे अंग तापलेले पाहून त्यांनी मला बदनापूरलाच उतरवून घेतले. दोन दिवस घरी ठेवले, ज्वारीची भाकरी आणि चुक्याची भाजी खाऊ घातली. बाहेर नजर जाईल तिथवर काळी जमीन, फुटलेली कपाशी. नारळ औषधालाही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते मला स्टेशनासमोरच्या हॉटेलात घेऊन गेले. लोकांनी समुद्राचे विचारले आणि मला चेव आला. म्हटले, "बोटीवरचा इंग्रज मान्सून म्हणतो, फ्रेंच खलाशी मूसों म्हणतो. शब्द त्यांचाच. तुमचा मौसम त्यावरूनच निघाला!"

मौलवीसाहेब हळूच म्हणाले, "बेटा, उलटं हाये. मूळ अरबी, मौसिम. म्हंजी ठरलेली वेळ. अरब दर्यावर्दी जहाज सोडायच्या हंगामाला म्हणायचे. त्यांच्याकडून फिरंग्यांनी, म्हंजी पोर्तुगीजांनी, उचलला, मंग फ्रेंचांकडं, इंग्रजांकडं गेला. तिकडं त्याचा अर्थ वारा झाला, मंग पाऊस. लुगतीत (शब्दकोशात) बराबर दिलंय."

चारचौघांत खोटे पडणे मला सोसले नाही. "मौलवीसाहेब, तुम्ही समुद्र तरी पाहिलाय का कधी?"

सगळे खो खो हसले. "न्हाई बेटा," ते म्हणाले आणि चहा अर्धाच ठेवून उठले. तरी दुपारी त्यांनीच मला जालन्याच्या गाडीत बसवून दिले, भाकरी बांधून.

जिनाच्या फाटकावर चाऊस (अरब पहारेकरी) असे. एकदा त्याला विचारले. म्हणाला, "मौसिम? हमारा लफ्ज है. दादा का जहाज मौसिम पे ही छूटता था." कानशिले तापली ती बॉयलरने नव्हे.

सुट्टी मिळताच बदनापूर गाठले. हॉटेलात मौलवीसाहेब नव्हते. हॉटेलवाले देवराव म्हणाले, "ते येणं बंद झालं. जो तो इचारतो, मौलवीसाब, समुद्र पाह्यला का? तुमीच शिकवून गेल्ते की!"

मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगितले की शब्द अरबीच आहे, ते खरे होते, मी फुकट मिजास केली.

"मंग तवा कामून बोलले?" एकाने विचारले.

तसाच मौलवीसाहेबांच्या घरी गेलो. त्यांनी पहिले विचारले, "ताप पुन्हा न्हाई ना आला?" मी माफी मागू लागलो तर हात हलवला. हॉटेलात चला म्हटले तर म्हणाले, "आता घरचाच चहा बरा लागतो."

परतीच्या गाडीत कोणाकडे बघवेना. किती बंदरे पाहिली त्याचा तोरा होता मला, आणि एका भल्या माणसाचे रोजचे चार घटकांचे बसणेउठणे मी एका वाक्यात बंद पाडले. त्यांचे पांग फेडायला मजजवळ काही नाही. पण शब्द देतो: दर सुट्टीला बदनापूरला उतरेन, हॉटेलात हेच पुन्हा सांगेन, लोक मला हसले तरी. आणि एक दिवस मौलवीसाहेबांना तिथे आपल्या पायांनी आलेले पाहूनच जालन्याची गाडी धरीन.