एम म्हणजे मोठं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत कॉम्प्युटर शिकवायचे. त्याच काळात मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. इंग्रजी कळांनी मराठी टाइप करायचं, एक कमांड द्यायची, की डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर देवनागरी उमटायची. कमांडच्या शेवटी आडवी रेघ आणि एम हे अक्षर जोडलं, तर अक्षरं तिप्पट मोठी येत. एम म्हणजे मोठं, एवढाच साधा विचार होता. कुणीही वापरावा, बदलावा, म्हणून तो प्रोग्राम मी पुढे इंटरनेटवर खुला ठेवला.

दोन हजार सालानंतर त्यावर काम करणारे दोघे मिळाले, एक बंगळूरचा आणि एक जर्मनीतला. सगळं बोलणं ईमेलवर. त्यांचं म्हणणं पडलं, बाकी प्रोग्रामांत एम म्हणजे मार्जिन, कडेची कोरी जागा, आपणही तसंच करू. मोठ्या अक्षरांसाठी 'साइज' असा नवा पर्याय झालाच आहे, तेव्हा जुना काढून टाकावा.

"तो वापरतं कोण आता?" बंगळूरच्यानं लिहिलं.

"कुणीच नाही," मी कळवून टाकलं. कुणाला विचारलं मात्र नव्हतं.

त्याच आठवड्यात मी जुना पर्याय काढला, एम मार्जिनला दिला आणि पत्ते होते त्या जुन्या विद्यार्थ्यांना नवी सीडी पोस्टानं पाठवली.

महिन्याभरानं कुरुंदवाडहून पत्र आलं. तिथल्या एका वाचनालयाचे ग्रंथपाल पूर्वी माझ्या क्लासला यायचे. पन्नाशी उलटलेली, वर्गात सगळ्यांत मोठे, आणि वही सगळ्यांत नेटकी. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांनी लिहिलं होतं, 'मॅडम, माझ्या हातून कमांड चुकू लागली आहे. अक्षरं बारीक येतात आणि कागद डावीकडे कोरा राहतो. पुष्कळदा तपासलं, चूक सापडत नाही. वय झालं असावं. पुन्हा क्लासला येऊ का?'

त्याच रविवारी सकाळची एसटी धरून मी कुरुंदवाडला गेले.

वाचनालय बंद होतं, पण काकांनी माझ्यासाठी उघडलं. प्रिंटरशेजारी वाया गेलेल्या कागदांची चळत होती. एकही फेकला नव्हता.

"का ठेवलेत हो हे?"

"चूक कुठं हाय ते बघाय नको?" ते म्हणाले. "रोज एक घेऊन बसतो."

"काका, तुमची चूक नाही. मीच एमचा अर्थ बदलला. तुम्हाला न विचारता."

ते चष्मा काढून हसले. "म्हंजी माझं डोस्कं ठीक हाय म्हणा की!"

दुपारी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. तिथं त्यांची थोरली बहीण होती, आक्का. तिचा जन्म शेतमजुरीत गेलेला. प्रौढ साक्षरता वर्गात ती अक्षरं शिकली, आणि वाचायला यायला लागलं तेव्हा नजर अधू झाली. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने संध्याकाळी बुद्धविहारात धम्मग्रंथाचं वाचन असायचं. इतर बायकांसारखं नुसतं ऐकायचं नाही, आपल्या तोंडानं वाचायचं, असा आक्काचा हट्ट. म्हणून काका दर आठवड्याला तिच्यासाठी मोठ्या अक्षरांत पानं छापत.

"ह्या पंधरवड्यात मी नुसती ऐकतीया," आक्का म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, पण मला मान वर करता येईना.

जेवण झाल्यावर आम्ही तिघं वाचनालयात परत आलो. अक्षरं किती पट मोठी हवीत तो आकडा साइजपुढे लिहायचा, हे मी काकांना दाखवलं. तीन छापलं, चार छापलं, पाच छापलं. आक्कानं पाचाचा कागद हातात धरला, अक्षरांखालून बोट फिरवत पहिली ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "ह्योच. किती ठसठशीत हाय!"

तरी काकांच्या बोटांना एमचीच सवय होती. कोल्हापूरला परतल्यावर मी एमला जुना अर्थ परत दिला आणि मार्जिनसाठी दुसरं अक्षर घेतलं, आणि काकांना पुन्हा सीडी पाठवली. एम लिहिलं की काम होई, आणि पडद्यावर एक ओळ येई: 'काका, हा पर्याय पुढे बंद होणार आहे. साइज लिहा. घाई नाही.' रोमन लिपीत, पण मराठीत. जर्मनीतल्यानं विचारलं, हे काका कोण? मी लिहिलं, ज्यांना विचारायला मी विसरले ते.

पुढच्या वर्षी वर्षावास संपल्यावर काकांचा फोन आला.

"मॅडम, ह्या तीन महिन्यांत एकदाबी ती ओळ दिसली न्हाय बघा. एम लिवलाच न्हाय. आता काढा त्यो."

"नक्की? राहू दे आणखी वर्षभर."

"काढा की! मी काय चुकत न्हाय आता."

कॉम्प्युटर समोरच चालू होता. फोन कानाशी धरून मी प्रोग्राममधल्या एमच्या ओळी खोडल्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"बरं," ते म्हणाले, आणि आक्काला माझ्याशी बोलायचंय म्हणून फोन तिच्या हातात दिला.