अंबरीशचे चार प्रश्न

अंबरीश मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. झूटरमेर या डच गावातल्या आम्हा आठ-दहा मराठी घरांत त्याला फार मान होता. मला मात्र त्याच्याशी दहा मिनिटं बोललं की डोकं उठायचं. तो जवळच्या कापेल गावातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचा त्याला पगार मिळायचा, आणि घरी आल्यावर तेच काम तो फुकटात करायचा. सायकलला कुलूप लावून ते दोनदा ओढून बघणार. बायकोने, मंजूषाने, गॅस बंद केलाय म्हटलं तरी उठून स्वतः खात्री करणार.

चिंचवडचा हा माणूस. कॉलेजपासून त्याने सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेले. जिथे पुलाच्या चढावालाही लोक चढण म्हणतात, अशा देशात येऊन त्याने डोंगर चढणाऱ्यांचा ग्रुप काढला. ग्रुप कसला, तो, मंजूषा, त्याच मराठी घरांतला धवल आणि मी. दर रविवारी पाठीवर दहा किलो बटाटे देऊन तो आम्हाला गावाबाहेरच्या राडारोड्याच्या टेकडीवर वर-खाली पळवायचा. मी मुकाट्याने बटाटे वाहिले, कारण मला एकदा तरी बर्फाच्या शिखरावर उभं राहायचं होतं.

साल २००६. माझं प्रोजेक्ट पंधरा जूनला संपत होतं आणि परमिटही त्याच्याबरोबर. पुण्याचं तिकीट हातात आलं होतं. मे अखेरची चार दिवसांची जोडून सुट्टी आणि ऑस्ट्रियातलं एक तीन हजार मीटरचं शिखर, एवढी एकच संधी उरली होती. आणि हा बाबा एप्रिलपासून नन्नाचा पाढा लावून बसलेला. वेबकॅम बघायचा, बर्फाचं बुलेटिन छापून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, शिखराखालच्या मुक्कामाच्या हटच्या मालकाला मोडक्या जर्मनमध्ये फोन करायचा आणि आम्हाला कळवायचा, वरचा रस्ता बंद आहे, बर्फ रात्री गोठून घट्ट होत नाहीये, बघू. मे महिन्यात कसला आलाय बर्फ, असं मी पुण्याच्या हिशेबाने म्हणायचे. धवलही माझ्याच बाजूने होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, अंबरीशच्या ऑफिसात रिलीज होतं. म्हणून हटवर फोन करायचं काम त्याने माझ्यावर टाकलं आणि चार प्रश्न लिहून घ्यायला लावले. रस्ता वरच्या पार्किंगपर्यंत उघडा आहे का? नवा बर्फ पडलाय का? रात्री गोठतो का? रस्त्यावर वरून काही कोसळलंय का?

मालक माझ्याशी इंग्रजीत नीट बोलला. नवा बर्फ नाही, रात्री गोठतोय. पण रविवारी रस्त्यावर बर्फाची दरड आलीय, यंत्र लागलंय, गुरुवारी कदाचित उघडेल. नक्की नाही, उद्या पुन्हा विचारा.

अंबरीशला मी सांगितलं, "रस्ता ओपन आहे. नवीन स्नो नाही, रात्री गोठतोय."

"आणि चौथं?"

"काही नाही आलेलं."

त्याने पुन्हा फोन केला नाही. किल्ल्यांवर जाणाऱ्यांत रीत असते. पायथ्याच्या गावात एकजण वाट विचारतो आणि त्याच्या शब्दावर बाकीचे चालतात. परत विचारणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. गॅसचं बटण तपासणारा हा माणूस ती रीत मात्र कसोशीने पाळायचा. मला ते माहीत होतं, म्हणूनच मी तसं बोलले.

साडेनऊशे किलोमीटर जाऊन गुरुवारी सकाळी पोचलो, तर शेवटच्या गावापुढे फाटक आडवं. अंबरीशने हटवर फोन लावला, ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळला.

"त्याने हे तुला मंगळवारीच सांगितलं होतं."

"मला वाटलं, आजपर्यंत क्लिअर होईल. आणि खरं सांगितलं असतं तर तू निघालाच नसतास."

"नसतोच निघालो."

मग मी तोंड सोडलं. भित्रा म्हणाले, आमच्या सुट्टीचा मालक होऊन बसलायस म्हणाले, आणखीही बरंच काही. मंजूषा खाली बघत राहिली. धवलने खांद्यावरची सॅक उतरवून परत डिकीत टाकली. मी एकटीच फाटक ओलांडून तरातरा निघाले.

दुसऱ्याच वळणावर रस्ता संपला. दोन मजले उंच बर्फ, त्यात मुळासकट उपटलेली झाडं, आणि वरच्या उतारावरून अजून खडे सुटत होते. मी साफ घाबरले आणि परत फिरले.

गाडीत बसताना मी सॉरी म्हणाले नाही. अंबरीश बाकीच्या दोघांना सांगत होता, की जुलैत रस्ता नक्की मोकळा असतो, तेव्हा आपण तिघं येऊ.

"जुलैत मी इथे नसेन," मी म्हणाले.

त्याने आरसा सारखा केला आणि मागे वळून सगळ्यांचे पट्टे लागलेत का ते बघितलं. माझाही बघितला.

"माहीत आहे," तो म्हणाला आणि त्याने गाडी वळवली.