खिंडीतला बिंदू

कॅल्क्युलसच्या तासाला एका वक्र पृष्ठभागाचं गणित होतं. एका बिंदूपाशी दोन्ही दिशांनी उतार शून्य आला, म्हणून मी 'सर्वोच्च बिंदू' लिहून मोकळा झालो. मॅडमनी वही पाहून विचारलं, "कुठल्या बाजूने चढलास?" मग हात खोगिरासारखा वाकवून दाखवला. एका दिशेने तोच बिंदू माथा होता, दुसऱ्या दिशेने तळ.

शनिवारी गावी जाताना एसटी आमच्या खिंडीत चहाला थांबली. लहानपणापासून मला हीच घाटातली सगळ्यात उंच जागा वाटायची. तेवढ्यात डोंगराच्या धारेवरून एक धनगर आजोबा मेंढरं घेऊन आले आणि दगडावर टेकले.

"दमलात ना? चढ मोठा आहे," मी म्हणालो.

"कसला चढ? वरनं उतरून आलोय," ते हसले. "आता हितनं पुढं चढ."

मी रस्त्याकडे पाहिलं. तो दोन्हीकडे उतरत गेला होता. धार मात्र दोन्हीकडे चढत गेली होती. वहीत मी चुकवलेलं ते गणित कोण जाणे किती काळ इथे उघड्यावर पडून होतं, आणि मी दर सुट्टीला त्यावरून चहा पिऊन जात होतो.

पायाखाली हातभर जमीन अगदी सपाट होती. मी चपला काढल्या आणि तिच्यावर उभा राहिलो.