न पाहिलेल्या मॅटवर सही

ज्युदोच्या मॅटसाठी मी दोन वर्षं अर्ज करत होते. राज्य नवीन होतं, रायपूर राजधानी झालं होतं, आणि आमचा खेळ विभाग एका भाड्याच्या बंगल्यात बसत होता. बैठकीच्या खोलीत साहेब, झोपायच्या खोलीत आस्थापना आणि स्वयंपाकघरात भांडार. स्टोअरबाबूचं टेबल ओट्याला टेकवलेलं. कुणाच्या तरी डाळी-तांदळाचे डबे जिथे राहिले असतील, त्या फळ्यांवर फायली रचलेल्या.

मी सरकारी शाळेत व्यायाम शिक्षिका होते. सकाळी शाळा, आणि संध्याकाळी विभागाच्या हॉलमध्ये मुलींना ज्युदो शिकवायचे. लहानपणी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये मी हा खेळ शिकले, तेव्हा आमच्या अंगाखाली निदान ताडपत्रीत भरलेला लाकडाचा भुसा तरी होता. इथे राजधानीत सिमेंटची फरशी आणि तिच्यावर दुहेरी सतरंज्या. कुणी जोरात पडलं की सतरंजी घसरायची आणि मुलगी अर्धी फरशीवर.

त्या मुलींमध्ये एक होती, पंधरा वर्षांची. बाप उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर, आई गोल बाजारात एका भांड्यांच्या दुकानात पितळ घासायला. या पोट्टीला पडायची भीतीच नव्हती. पडली की हसायची, उठायची, आणि समोरच्या मुलीची कॉलर पुन्हा पकडायची. तिची पकड सुटत नसे. वीस वर्षांत मी तशी एकच पाहिली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात स्टोअरबाबूने निरोप पाठवला. मी गेले तर त्याने पेढा पुढे केला.

"बधाई हो मैडम, आपके मैट मंज़ूर हो गए. चालीस."

"कुठे आहेत?"

"सिलतरा में, ट्रांसपोर्ट के गोदाम में. दो-चार दिन में आ जाएँगे. बस आप यहाँ दस्तख़त कर दीजिए."

कागदावर हिंदीत लिहिलं होतं की हे साहित्य मी स्वतः पाहून, मोजून, चांगल्या स्थितीत ताब्यात घेतलं आहे. मी म्हटलं, मॅट येऊ द्या, मग करते. तो हळहळला. एकतीस मार्चच्या आत बिल पास झालं नाही तर रक्कम परत जाईल, मग पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून अर्ज. "बच्चियों का नुकसान होगा, मैडम." हे तो इतक्या काळजीने म्हणाला, की मला वाटलं आपणच अडून बसलोय. मी सही केली. पेढाही खाल्ला.

संध्याकाळी बाबा विहारातून आले तेव्हा मी आनंदाने सांगितलं. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झाले होते.

"मॅटा पाह्यल्या काय तू?"

"नाही. गोदामात हायेत म्हणे."

"मंग सही काहून केली?"

"नाही केली तर पैसा वापस जाते, बाबा."

"जाऊ दे ना मंग." त्यांनी चप्पल कोपऱ्यात सरकवली. "मी मालधक्क्यावर जिंदगी काढली. न पाह्यलेल्या पोत्यावर कधी खूण नाही मारली."

मला राग आला. जुना माणूस, सरकारी काम कसं चालते हे याला काय ठाऊक, असं मनात म्हटलं.

एप्रिल गेला, मे गेला. मॅट आल्या नाहीत. विचारलं की कधी साहेब दौऱ्यावर असत, कधी ट्रक भिलाईकडे गेलेला असे. पावसाळ्यात स्टोअरबाबू माझ्या नजरेला नजर देईनासा झाला.

दिवाळीच्या सुमारास स्पर्धेच्या यादीवर साहेबांची सही हवी होती, म्हणून मी त्यांच्या सरकारी बंगल्यावर गेले. रविवारची सकाळ होती. साहेब मोठे गोड बोलणारे होते. पांढरे बूट, पांढरी टोपी, प्रत्येक मुलीला "बेटा" म्हणणार. शिपायाने मला बाजूच्या व्हरांड्यातून आत नेलं आणि मी जागच्या जागी थांबले.

व्हरांडाभर हिरव्या मॅट अंथरल्या होत्या. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, वर बारीक विणीचा पोत. जसं मी अर्जात लिहिलं होतं, अगदी तसंच. पाच-सहा बायका त्यांच्यावर योगासनं करत होत्या. मी उभ्या उभ्या मोजल्या. अकरा. बारावी पायरीखाली होती, कापून दोन तुकडे केलेली, आणि तिच्यावर साहेबांचा तांबूस केसाळ कुत्रा लोळत होता. ओल्या कुत्र्याचा तो वास नाकात बसला तो बसलाच.

साहेबांनी माझी नजर पाहिली. जराही ओशाळले नाहीत.

"अरे मैडम, मैट तो बस यहीं रखवा दिए हैं. वहाँ हॉल में चूहे बहुत हैं. उद्घाटन करेंगे तब भिजवा देंगे. बच्चियों को अभी दरी की आदत है ना?"

बाईसाहेबांनी चहा मागवला. कपबशीत बिस्किट ठेवलेलं होतं. मी काय केलं? मी चहा प्याले. "जी सर" म्हटलं. यादीवर सही घेतली आणि नमस्कार करून निघाले. आज साहेबांची किळस येते ती येतेच, पण त्या चहाची जास्त येते.

दुसऱ्या दिवशी ओट्याजवळ स्टोअरबाबूला गाठलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. आल्याच बारा होत्या. चाळीस फक्त कागदावर. "आपके दस्तख़त हैं मैडम, मेरे भी हैं. चुप रहिए, नौकरी कीजिए."

मी गप्प राहिले. महिना, दीड महिना. नोकरी, बाबांचं औषध, घराचा हप्ता. कारणं काही कमी नव्हती.

मग डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, राज्य संघाच्या निवडीच्या आधी, त्या पोट्टीला तिच्याहून मोठ्या मुलीने खांद्यावरून फेकलं. फेक बरोबर होती. पडणंही बरोबर होतं. सतरंजी मात्र घसरली. तिचा कोपर सिमेंटवर आपटला आणि असा आवाज झाला की हॉलमधल्या सगळ्या मुली एकदम थांबल्या. ती ओरडली नाही. हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मैडम, सिलेक्शन कब है?"

सरकारी दवाखान्यात तिची आई आली ती दुकानातून तशीच. बोटं पितळेच्या मळाने काळी झालेली. "कइसे गिरिस, मैडम?" मी म्हटलं, सतरंजी घसरली. पुढचं सांगितलं नाही. तिने त्याच काळ्या हाताने माझा हात धरला आणि म्हणाली, बरं झालं तुम्ही जवळ होता. मी बाहेर जाऊन नळाखाली हात धुतले आणि परत आत तिच्या शेजारी जाऊन बसले.

कोपर वाकडा जुळला. दुसऱ्यांदा प्लास्टर घातलं, तरी हात पुरता सरळ होणार नाही असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हा मी अर्ज लिहिला. साहेबांच्या वरच्या कार्यालयात, हाताने, स्वच्छ अक्षरात. मॅट न पाहता मी खोटी सही केली, चाळीसपैकी बाराच आल्या, त्या अमुक ठिकाणी आहेत, एक मुलगी जखमी आहे. बाबांना वाचून दाखवला. त्यांनी कागद हातात घेऊन पुन्हा स्वतः वाचला. मग म्हणाले, "लई उशीर केला तू. पण दे."

साहेबांनी बोलावून घेतलं. यावेळी चहा नव्हता. "मैडम, आपने तो ख़ुद लिखकर दिया है कि गिनकर लिए. अब झूठ कब बोला आपने, तब या अब?"

"तेव्हा, सर," मी म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून. त्यांना समजलं असावं.

चौकशीला दुसऱ्या विभागातले एक अधिकारी आले. ते येण्याच्या आदल्या दिवशी एका छोट्या ट्रकमधून बारा मॅट हॉलमध्ये उतरल्या. कापलेलीला चिकटपट्टी लावलेली. हिरव्या विणीत तांबूस केस अडकलेले. मुली बिचाऱ्या आनंदाने नाचल्या, त्यांच्यावर लोळल्या, आणि मग एकीने जिभेवरून केस काढला आणि नाक मुरडलं. मी तोंड फिरवलं.

चौकशी अधिकाऱ्यांनी मॅट मोजल्या नाहीत. मुलींना गणवेशात ओळीने उभं केलं आणि फोटो काढायला लावला. ती पोट्टी पण आली होती, बघायला. गळ्यात हात अडकवलेला, पहिल्या रांगेत येऊन उभी राहिली. साहेबांबरोबर आलेला छायाचित्रकार म्हणाला, "प्लास्टर वाली को पीछे करो." कुणीतरी तिला खांद्याला धरून मागे नेलं. मी तिथेच होते. मी काही म्हणायच्या आत फोटो निघाला होता.

अहवाल चार महिन्यांनी आला. उरलेल्या अठ्ठावीस मॅट पावसाच्या पाण्याने कुजल्या, म्हणून नष्ट केल्या, असं त्यात लिहिलं होतं. जी वस्तू कधी आली नाही ती कुजली, आणि जाळलीसुद्धा. पंचनामा सोबत जोडलेला. त्यावर माझी सही मागितली गेली, मी दिली नाही. दुसऱ्या शाळेतल्या एका शिक्षकाने दिली. निष्काळजीपणाबद्दल माझी एक वेतनवाढ रोखली. स्टोअरबाबूची बदली झाली. साहेबांचीही बदली झाली. खेळातून ते संस्कृती विभागात गेले, बढतीवर. पुढच्या उत्सवात मी त्यांना मंचावर पाहिलं. एका म्हाताऱ्या लोकगायकाला शाल पांघरताना ते वाकले आणि त्याच्या पायाला हात लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बसवेना. मी उठून आले.

एवढं झाल्यावर मी गोल बाजारात गेले. त्या पोरीची आई दुकानाच्या मागच्या बाजूला चिंच लावून पाणी भरायचा एक मोठा पितळी गुंड घासत होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पेढा, सही, व्हरांडा, चहा. काही लपवलं नाही.

ती घासत राहिली. मग थांबून म्हणाली, "त तब काबर नइ बतायेव?" मग तेव्हा का नाही सांगितलंत?

मी म्हटलं, "भीती वाटली."

"हव," ती म्हणाली. हो. बस, इतकंच. पुन्हा गुंडाला चिंच लावली.

हाताच्या व्यायामाचा खर्च विभागाने दिला नाही, तो मी केला. वर्षभर दर शनिवारी मी त्या मुलीला दवाखान्यात घेऊन जायचे. हात बराचसा सुधारला, पण कॉलर धरून ओढण्याइतका नाही. तिने दोन महिने प्रयत्न केला. एक दिवस ज्युदोगीची, म्हणजे तिच्या ज्युदोच्या गणवेशाची, घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "किसी छोटी को दे दीजिए, मैडम." रडली नाही. बारावीनंतर ती नर्सिंगला गेली. आता एका दवाखान्यात आहे. दिसली की थांबते, बोलते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते.

तिची आई मात्र माझ्याशी बोलत नाही. बाजारात समोरासमोर आलो तर ती पदर सावरून दुसऱ्या गल्लीला वळते. मी हाक मारत नाही.