येळवशीची चौथी बाजू

लोकांना वाटतं, वन्यजीव वाचवायचं काम म्हणजे जंगलात दुर्बीण लावून बसणं. माझी निम्मी नोकरी बांधावर चहा पिण्यात गेली. आमच्याकडं जंगल कुठलं? जे काही जगतं, ते कुणाच्या तरी सातबाऱ्यावरच जगतं.

सास्तूरकडच्या एका शेतात, ओढ्याच्या दरडीत, लांडगिणीनं पिल्लं घातली होती. शेताचा मालक समजूतदार. लांडगे फिरकले की हरणं ज्वारीत ठरत नाहीत, हे त्याला पटलेलं. त्याची आई मात्र माझ्यावर खार खाऊन होती, कारण तिची दुभती शेळी त्याच लांडगिणीनं नेली होती. मी भरपाईचं बोललो तर म्हणाली, "भरपाई चहात घालता येती व्हय?"

तशात येळवस आली. या अमावास्येला आमच्या भागात गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची खोपटीवजा कोप, सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, पाहुणे आणि त्यांची पोरं. पूजा झाली की शेताच्या चारी बाजूंनी अंबील शिंपत फिरायचं, "ओलगे, ओलगे" असं बेंबीच्या देठापासून ओरडत. यातली चौथी बाजू म्हणजे नेमका ओढा. तिथं एवढा कालवा झाला आणि पोरांना बीळ दिसलं की संपलंच. बिळात धूर कोंडायला उत्साही माणसं आपल्याकडं कमी नाहीत.

मी मालकाला म्हणालो, "दादा, यंदा तेवढी ओढ्याची बाजू सोडा." तो कबूलही झाला. पण आई कडाडली, "एक बाजू उघडी ठिवून रान राखत्यात का कुठं? तुमी लांडगं राखा, आमी रान राखतो." सणाच्या दिवशी म्हातारीशी वाद घालू नये. मी घातला आणि अर्थातच हरलो.

तीन बाजू झाल्या. ओढ्याकडं वळताना तिनं लेकाच्या हातातला अंबिलीचा तांब्या काढून घेतला आणि सगळ्यांना ज्वारीच्या कडेला थांबवलं. ही आता शेळीचा सूड घेणार, असंच मला वाटलं.

"हितनं म्होरं कुणी आरडायचं न्हाय," ती पोरांना म्हणाली. "तिकडं बाळंतीण हाय."

मग ती एकटीच दरडीच्या कडेनं गेली, तोंडातून अवाक्षर न काढता, अंबील शिंपत. आम्ही सगळे बघत उभे होतो. मला भरून आलं, ते लपवायला मी कोपीत जाऊन बसलो.

जेवायला वाढताना ती माझ्यापाशी आली, ताटात भज्जीचा डाव पालथा केला आणि म्हणाली, "शेळी नेली त्ये म्या इसरले न्हाय, बरं का."