पळीपापडातलं तिकीट

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर श्रीनिवास लवाट्यांनी काही दिवस कोथरूडच्या फ्लॅटमध्ये नुसतं बसून काढले आणि मग ते पोत्याने तिकिटं विकत घ्यायला लागले. टपालाची. जुनी, शिक्के मारलेली, पाकिटाच्या कोपऱ्यासकट कापलेली. कसबा पेठेत सर्जेराव म्हणून एक रद्दीवाले होते. कुठल्या कचेरीची जुनी दप्तरं रद्दीत निघाली, की तिकीट लावलेले कोपरे ते कातरून ठेवत आणि पोती वजनावर विकत. अट एकच, पोतं उघडून बघायचं नाही.

त्यामुळे लवाटे पोत्याचा वास घेत. कुबट वास म्हणजे जुना माल आणि जुना माल म्हणजे दुर्मीळ तिकिटाची शक्यता, असा त्यांचा सिद्धांत होता. भर रस्त्यात, पोत्याला नाक लावून, डोळे मिटून ते उभे राहत. येणारीजाणारी माणसं थांबून बघत. सर्जेरावांनी हा सिद्धांत ओळखल्यावर नवी पोतीसुद्धा मोरीच्या कडेला ठेवायला सुरुवात केली होती, हे लवाट्यांना कधीच कळलं नाही.

घरी आणलेला माल परातीत भिजत पडे. कागद सुटला, की लवाटे एकेक तिकीट चिमट्याने उचलून भिंगाखाली धरत. छपाईत काहीतरी चुकलेलं, रंग सुटलेला, चित्र उलटं बसलेलं असं एखादं तिकीट पोत्यात असणारच, यावर त्यांची श्रद्धा होती. निघत मात्र कुटुंब नियोजनाची तिकिटं. मूठभर भिजवा, पसाभर भिजवा, तीच. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई एकदा परातीत डोकावून म्हणाल्या, "हीच तिकिटं आपल्या चौथ्याच्या आधी मिळायला हवी होती."

ऐंशीच्या दशकातल्या एका एप्रिलमध्ये मात्र ते घडलं. आणे-पै चालत होते तेव्हाचं, एका जुन्या देवळाचं चित्र असलेलं तिकीट परातीतून वर आलं आणि लवाट्यांनी भिंग लावलं, तर त्याच्यावर किंमतच नव्हती. आकड्याच्या जागी स्वच्छ पांढरं. लवाट्यांनी भिंग पुसून पुन्हा बघितलं. मग चष्मा पुसला. मग मंदाकिनीबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, "छान आहे. परात कधी मिळेल?"

ऊन लागलं तर तिकीट लवकर वाळेल म्हणून लवाटे ते वर्तमानपत्रावर ठेवून गच्चीत गेले. गच्चीवर शेजारच्या कुसुमताईंनी प्लॅस्टिकच्या कागदावर साबुदाण्याचे पळीपापड घातले होते. नुकतेच घातलेले, ओले, चमचमणारे. लवाटे कठड्यापाशी बसून राखण करत होते, पण आनंदाच्या भरात त्यांना तहान लागली. ते पाणी प्यायला खाली उतरले आणि तेवढ्यात वारा सुटला. वर आले तेव्हा वर्तमानपत्र टाकीला चिकटलं होतं आणि तिकीट नव्हतं.

त्यांनी गच्ची पालथी घातली. पन्हळीत हात घातला. खाली उतरून गुलबक्षीची झुडपं बघितली. पापडांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. तिकीट ओल्या पापडाला चिकटलं असणार, हे लक्षात आलं चार-पाच दिवसांनी, आणि तेही जेवताना, आमटीतलं कढीपत्त्याचं पान वाटीच्या काठाला चिकटलेलं बघून. लवाटे तसेच उष्ट्या हाताने शेजारी गेले. कुसुमताई म्हणाल्या, पापड वाळले, डब्यात भरले आणि डबा कसब्यातल्या भावाकडे पोचलासुद्धा. दादाला पळीपापड फार आवडतात.

लवाट्यांनी हात धुतला आणि बस पकडली.

कुसुमताईंचे भाऊ दीनानाथ हे निवृत्त भूगोलशिक्षक, एकटे राहणारे आणि कमी बोलणारे. दार अर्धंच उघडून त्यांनी कोण आपण, असं विचारलं. तिकिटाचं सांगितलं तर हा माणूस हक्क सांगेल, अशी भीती वाटून लवाटे म्हणाले की ते कुसुमताईंचे शेजारी, आणि त्यांना पापड बघायचे आहेत.

"बघायचे?" दीनानाथ म्हणाले. "पापड लोक खातात."

पण बहिणीचे शेजारी म्हणून त्यांनी आत घेतलं आणि न विचारताच कढई ठेवली. डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. लवाटे एकेक पापड उचलून खिडकीच्या उजेडात धरायला लागले. दीनानाथ तो त्यांच्या हातून घेत, तळत आणि पुढ्यात ठेवत. नको म्हणायची सोय नव्हती. एक पापड नीट बघून होईपर्यंत आधीचा खाऊन संपवावा लागे. लवाट्यांचा घसा कोरडा पडला आणि जिभेवर मीठ साचलं, पण डबा रिकामा होईना. मध्येच एक पापड दीनानाथांनी डब्यातून परस्पर उचलून थेट तेलात सोडला, तेव्हा लवाटे जागच्या जागी उभे राहिले आणि तो फुलून पांढरा, निर्दोष वर येईपर्यंत बसले नाहीत.

डब्याच्या तळाशी तो सापडला. पापडाच्या ऐन मध्यभागी, काचेत बसवल्यासारखं, जुनं देऊळ. लवाट्यांनी तो छातीशी धरला. दीनानाथांनी शांतपणे हात पुढे केला, पापड घेतला, चष्मा कपाळावर सारून दोन्ही बाजूंनी पाहिला.

"तिकीट लावलंय," ते म्हणाले. "मग कुसुमनं डबा हातानं कशाला पाठवला? पोस्टात टाकायचा."

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. लवाट्यांनी पोत्यापासून वाऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. दीनानाथांनी ऐकून घेतलं आणि पापड आपला, तिकीट तुमचं, असा निवाडा दिला. मग दोघांनी मिळून तो पापड कोमट पाण्याच्या वाडग्यात सोडला आणि समोर बसून राहिले. साबुदाणा हळूहळू फुगला, बुळबुळीत झाला. भूगोलशिक्षकांचा श्वास जोरात चालायला लागला होता. कुठल्या देशात किती माणसं हे तिकीट बघायला धडपडतील, ते त्यांनी खंडवार सांगायला सुरुवात केली.

तिकीट सुटलं. लवाट्यांनी ते चमच्यावर उचललं. त्याच्या कोपऱ्यावरून, परातीतच वर चिकटून बसलेला, पाकिटाच्या कागदाचा नखाएवढा पांढरा कपटा ओघळला, वाडग्यात पडला, आणि खालून ठसठशीत आकडा बाहेर आला. एक आणा.

दीनानाथांनी कपटा काढून टाकला, वाडगं जवळ ओढलं आणि त्यातल्या लगद्यात वऱ्याचं पीठ, मिरची आणि जिरं घातलं. साबुदाणा वाया घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्याचं त्यांनी थालीपीठ लावलं आणि दोघांनी ते अर्धं अर्धं खाल्लं. लवाट्यांना ते चांगलं लागलं. डिंकाची जराशी चव होती, पण तसं बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

घरी गेल्यावर मंदाकिनीबाईंनी सापडलं का, असं विचारलं. लवाटे म्हणाले, सापडलं, पण त्याच्यावर एक आणा लिहिलेला निघाला.

"एका आण्यात आता काय येणार?"

"थालीपीठ आलं," लवाटे म्हणाले आणि तिकीट इतर तिकिटांबरोबर ठेवून दिलं.

पुढच्या रविवारी सकाळी दारात दीनानाथ उभे. खिशात नवा चिमटा, पाठीवर सर्जेरावांकडून स्वतः घेतलेलं पोतं. घरी एकट्याला भिजवायला कंटाळा येतो, म्हणाले. तेव्हापासून ते दर रविवारी येऊ लागले. निघालेल्या प्रत्येक तिकिटावरच्या गावाचा शिक्का मोठ्याने वाचून त्या गावाचं पर्जन्यमान सांगत, आणि लवाट्यांना एकाही तिकिटाकडे धड बघू देत नसत. मंदाकिनीबाई त्या वेळेपुरत्या कुसुमताईंकडे जाऊन बसत. तिथे दोघी मिळून चहा पीत आणि या दोघांबद्दल चकार शब्द न काढता आराम करत.